गोव्यातली सलून आणि पार्लरं: केस कुणाच्या हाती द्यावेत?

गोव्यात केस कापून झाल्यावर दुकानातल्या आरशात जे दिसतं, त्यावरून मत बनवू नये. तेव्हा केस ड्रायरने ओढून बसवलेले असतात, वरून सिरम लावलेलं असतं आणि एसी चालू असतो. बाहेर पडून हेल्मेट चढवलं, दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि केस पंख्याखाली आपसूक वाळू दिले, की कट खरा कसा आहे ते कळतं. ड्रायर केसांतले हायड्रोजन बंध तात्पुरते बदलतो आणि हवेतली वाफ ते बंध पुन्हा मूळ जागी नेते. जुलैत पणजीत हवा इतकी दमट असते की सकाळी केलेला ब्लो ड्राय दुपारपर्यंत उतरलेला असतो. म्हणून ज्याचा कट ड्रायरशिवाय बसतो तो कारागीर चांगला, या एकाच कसोटीवर इथलं सगळं परीक्षण केलं आहे. दुकानाची सजावट, कॉफी आणि मासिकं यांना आम्ही गुण दिलेले नाहीत.

आधी जुन्या पुरुषांच्या सलूनबद्दल. फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोली इथल्या बाजारांत दोन-तीन खुर्च्यांची अशी दुकानं अजून चांगली चालतात. कंगव्यावर कात्री चालवून बाजूचे केस उतरते करण्याचं कौशल्य इथल्या वयस्कर कारागिरांइतकं दुसरीकडे क्वचित मिळतं. मशीन सगळीकडे एकाच लांबीचे केस ठेवतं. डोक्याला खळगा असेल, कानामागे केस विरळ असतील, तर तिथे ती जागा उघडी पडते. हाताची कात्री खळग्यावर केस थोडे लांब ठेवते आणि डोकं गोल दिसतं. मशीनच हवं असेल तर आकड्यात सांगावं: १ नंबरचा गार्ड म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे जवळपास १० आणि ४ म्हणजे १३. ‘बाजूला २, वर कात्री, भोवऱ्याजवळ लांब ठेवा’ एवढं वाक्य पुरतं. भोवऱ्यावरचे केस आखूड कापले की ते उभे राहतात आणि मग जेल लावूनही बसत नाहीत. मानेवरची कड चौकोनी घेऊ नये. चौकोनाच्या खाली उगवणारे केस आठवड्यात दिसायला लागतात, तर उतरती कड तीन-चार आठवडे नीट राहते.

या दुकानांत एका गोष्टीला मात्र स्पष्ट नकार द्यावा. मालिश झाल्यावर मान झटक्याने वळवून ‘कट्’ असा आवाज काढतात, त्याने मानेतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. खांदे आणि टाळू चोळून घ्या, मान वळवू देऊ नका. वस्तऱ्यात नवं ब्लेड आपल्यासमोर घातलेलं पाहावं. आधीच बसवलेलं असेल तर बदलायला सांगावं. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

घरगुती पार्लरं हा दुसरा प्रकार. बंगल्याच्या तळमजल्यावर, सोसायटीतल्या एका खोलीत, बहुतेक एकट्या बाईने चालवलेली. आयब्रो आणि फेशियलबरोबर इथे केसही कापतात. यू, व्ही, स्टेप आणि लेयर हे चार कट नीट होतात, कारण कोर्समध्ये तेच पक्के करून घेतलेले असतात. लांब केसांची फाटे फुटलेली टोकं काढायला यापेक्षा चांगली जागा नाही. हात दर वेळी तोच असतो आणि मागच्या वेळी किती कापलं ते तिला आठवतं. आखूड बॉब, कुरळे केस आणि रंग या तीन गोष्टींसाठी मात्र आम्ही बहुतेक पार्लरांची शिफारस करणार नाही. बॉबमध्ये मानेजवळची प्रत्येक बट किती अंशात उचलून कापली यावर सगळं अवलंबून असतं. बट खाली सोडून कापली तर एकसारखी जड कड मिळते, ४५ अंशांवर उचलली तर मागे गोलाई येते, ९० अंशांवर धरली तर लेयर पडतात. सगळ्या बटा एकाच सवयीने उचलल्या की बॉबचा आकार त्रिकोणी होतो, वर चपटा आणि खाली पसरलेला. आपल्याकडच्या दाट केसांत हा दोष लगेच दिसतो.

पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव, वास्को इथल्या मोठ्या साखळ्यांच्या सलूनमध्ये साधनं, स्वच्छता आणि प्रशिक्षण बऱ्यापैकी असतं. अडचण वेगळी आहे. कारागीर दुकानं बदलतात, सुट्टीवर गावी गेले की महिनाभर येत नाहीत, आणि पाटी तीच राहिली तरी हात बदलतो. त्यामुळे फोनवर वेळ घेताना दुकानाची नाही, माणसाची वेळ घ्यावी. पहिल्या भेटीत लगेच मोठा बदल मागू नये. फक्त टोकं काढून घ्यावीत आणि चार गोष्टी पाहाव्यात. केस ओले करण्याआधी त्याने ते कोरडे, मोकळे सोडून पाहिले का? भांग नैसर्गिकपणे कुठे पडतो ते शोधलं का? आधी कोणता रंग, मेंदी किंवा स्मूदनिंग झालंय ते विचारलं का? आणि कापून झाल्यावर आडव्या कापलेल्या बटा उभ्या धरून पुन्हा तपासल्या का? शेवटची तपासणी टाळणाऱ्याच्या कटमध्ये एक बाजू हमखास लांब निघते. पहिली तीनही उत्तरं ‘नाही’ असतील तर दुसऱ्यांदा जाण्यात अर्थ नाही.

किनारपट्टीवरची, म्हणजे कळंगुट, हणजूण, मोरजी, हरमलकडची सलून मुख्यतः पर्यटनाच्या हंगामावर चालतात. तिथे फिकट केसांवरचं काम, ब्लीच, कुरळ्या केसांचे कट, ड्रेडलॉक आणि वेण्यांचं काम जाणणारे हात भेटतात. कुरळे केस असलेल्यांनी एकदा तिथे जाऊन पाहावं. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हंगामी कारागिराकडून ब्लीच करून घेतलं आणि तो एप्रिलनंतर निघून गेला, तर पावसाळ्यात मुळं कोण सांभाळणार हे आधी ठरलेलं असावं. आणि टाळूला चिकटून घातलेल्या घट्ट वेण्यांनी कपाळाच्या कडेचे केस ओढले जातात. घातल्यावर दुखत असेल, बारीक पुळ्या उठत असतील, तर त्या लगेच सैल करून घ्याव्यात. हा ताण फार काळ राहिला तर तिथले केस कायमचे जातात.

कारागिराशी बोलायचं कसं, यावर थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक बिघाड इथेच सुरू होतो. ‘थोडेसेच कापा’ म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं असतं. बोटं आडवी धरून दाखवावं किंवा सेंटिमीटरमध्ये सांगावं. फोटो न्यावा, पण आपल्यासारख्याच केसांच्या माणसाचा. बारीक, सरळ केसांवरचा फ्रिंज, म्हणजे कपाळावर सोडलेली केसांची झालर, दाट, लहरी केसांवर तसाच कापला तर पहिल्या पावसात तो कपाळावरून वर उडतो. नको असलेल्या कटचाही एक फोटो न्यावा, त्याने काम सोपं होतं. स्कूटरवरून रोज फिरता का, हेही सांगावं. हेल्मेटखाली आखूड फ्रिंज दबून उलटा वळतो, म्हणून तो भुवईखाली दोन बोटं ठेवावा आणि बाजूला वळवता येईल असा कापावा. माथ्यावर आखूड लेयर घेतले तर हेल्मेट काढल्यावर ते चपटे पडतात, पण बोटांनी झटकून पुन्हा उठतात. एकाच लांबीच्या जड केसांना तेवढाही उठाव राहत नाही. आणि चवथीला, लग्नाला अंबाड्यावर आबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळायची असेल तर केस खांद्याच्या खाली किमान एक वीत असू द्यावेत. त्याहून आखूड लेयरच्या बटा मानेजवळ निसटत राहतात.

कुरळ्या आणि लहरी केसांचं गणित वेगळं आहे. ओले करून ताणून कापलेली बट वाळल्यावर आखडते. लहर हलकी असेल तर दोन-एक सेंटिमीटर, घट्ट कुरळं असेल तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून असे केस कोरडे असताना, एकेक गुंडाळी पाहून कापणारा कारागीर शोधावा. ओले कापत असेल तर बट ताणून धरत नाही ना, एवढं तरी पाहावं. थिनिंगच्या कात्रीबद्दल तर ठाम नकारच द्यावा. दाट केस हलके करायचा तो सोपा मार्ग वाटतो. पण मुळाजवळ ती चालवली की आत शेकडो आखूड केस तयार होतात, ते लांब केसांना बाहेर ढकलतात आणि दमट हवेत डोकं पूर्वीपेक्षा मोठं दिसतं. दाटपणा कमी करायचा तर आतल्या थरात लेयर द्यावेत, किंवा टोकाच्या शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये कात्री उभी धरून टोकं तोडावीत. बारीक, विरळ केसांवर रेझरनेही कापू देऊ नये, कारण कड आणखी विरळ दिसते आणि फाटे लवकर फुटतात.

वयानुसार कारागीर बदलावा लागतो, ही गोष्ट लोक उशिरा मान्य करतात. जावळानंतरच्या पहिल्या काही कटांसाठी जवळचं सलूनच बरं. मूल रडतं, हलतं, त्यामुळे गोल टोकाची कात्री आणि धीराचा माणूस या दोनच गोष्टी महत्त्वाच्या. शाळेत वेण्या, कॉलेजात स्टेप किंवा लेयर, इथपर्यंत घरगुती पार्लर पुरतं. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या महिन्यात केस खूप गळतात. गरोदरपणात न गळलेले केस तेव्हा एकदम गळतात आणि बहुतेक वेळा वर्षभरात घनता परत येते. मोठ्या तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी असंच होतं. त्या काळात कुणी ‘हेअर स्पा’चं पॅकेज सुचवलं तर पैसे वाचवावेत, स्पाने मुळाशी काही बदलत नाही. कपाळाजवळ उगवणारे नवे आखूड केस झाकणारा हलका फ्रिंज घ्यावा, तो उपयोगी पडतो. चाळिशीनंतर भांग रुंद दिसू लागला तर तो सरळ मधोमध पाडण्यापेक्षा नागमोडी पाडावा आणि केस हनुवटी ते खांद्याच्या मधे आणावेत. लांब, विरळ केस स्वतःच्या वजनाने टाळूला चिकटतात. आणि गळती तीन-चार महिने थांबत नसेल, किंवा नाण्याएवढी टक्कलं पडत असतील, तर सलूनकडे न जाता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. जबाबदार कारागीर हे स्वतःहून सांगतो, आणि तसं सांगणारा भेटला तर त्याला सोडू नये.

साठीनंतर बऱ्याच जणी केस आखूड करतात, तेव्हा पुरुषांच्या सलूनमधला कंगवा-कात्रीवाला जुना हात पार्लरपेक्षा चांगलं काम करतो. आता बायकांनाही घेणारी अशी दुकानं आहेत, आधी विचारून जावं. धुण्यासाठी मान मागे टाकून बेसिनवर ठेवतात तेव्हा वयस्कर माणसांच्या मानेखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवायला सांगावी. बेसिनवर मान फार मागे गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याची उदाहरणं डॉक्टरांनी १९९३ सालीच नोंदवली होती. मानेचा त्रास असेल तर केस घरीच धुऊन जाणं उत्तम.

आता रंग. गोव्यात रंग बिघडण्याचं एक कारण सलूनमध्ये नसून घरच्या नळात असतं. आपल्याकडची माती जांभ्या दगडाची, लोहाने भरलेली. विहीर किंवा बोअरवेलच्या पाण्याने बादलीला तांबूस थर चढत असेल, पांढरे टॉवेल पिवळे पडत असतील, तर तेच लोह केसांवरही बसतं. रंगातल्या पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली की रंग असमान चढतो, लवकर उतरतो आणि तांबूस पडतो. फोंडा आणि तिसवाडीला ओपाचं, बार्देशला अस्नोड्याचं, दक्षिण गोव्यात बऱ्याच भागांना साळावलीचं प्रक्रिया केलेलं पाणी येतं. तिथे हा त्रास कमी, पण उन्हाळ्यात टँकर मागवला की पुन्हा सुरू. उपाय साधा आहे. रंगाच्या दोन-तीन दिवस आधी धातू काढणाऱ्या, म्हणजे ईडीटीए असलेल्या चिलेटिंग शाम्पूने एकदा केस धुवावेत, आणि आपण कोणतं पाणी वापरतो ते कारागिराला सांगावं. हा प्रश्न स्वतःहून विचारणारा कारागीर क्वचितच भेटतो. भेटला तर आमच्या लेखी त्याला पूर्ण गुण.

रंग लावताना वाटीत काय कालवलं जातं ते पाहायचा आपल्याला हक्क आहे. पांढरे केस झाकायला २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड लागतं. फक्त थोडा गडदपणा हवा असेल तर १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्के पुरतं. ४० व्हॉल्यूम, म्हणजे १२ टक्के टाळूला लागता कामा नये. प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं: लॉरियालच्या माजिरेलला एक भाग रंगाला दीड भाग डेव्हलपर (हेच पेरॉक्साइडचं द्रावण), इनोआला समसमान, श्वार्झकोफच्या इगोरा रॉयललाही समसमान. अंदाजाने ओतणारा डेव्हलपर जास्त घालतो, मिश्रण पातळ होतं आणि पांढरे केस नीट झाकले जात नाहीत. ‘अमोनिया नाही म्हणजे केमिकल नाही’ हा दावा कानाआड करावा. अशा रंगांत अमोनियाच्या जागी बहुधा इथेनॉलअमाइन असतं आणि पेरॉक्साइड असतंच. ॲलर्जी मुख्यतः पीपीडी (पॅराफेनिलीनडायअमाइन) आणि त्याच्या जातीच्या रंगद्रव्यांची होते. म्हणून ४८ तास आधी कानामागे थेंबभर लावून पाहायची चाचणी, दर वेळी. दहा वर्षं त्रास झाला नाही म्हणून यापुढेही होणार नाही, असं नसतं.

काळ्या मेंदीबद्दल विशेष सांगायला हवं. पाकिटातल्या काळ्या मेंदीत बहुधा पीपीडीच असतं, आणि काही चुर्णांत धातूचे क्षारही असतात. अशा केसांवर पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होऊन तुटू शकतात. आधी कापलेल्या केसांची छोटी बट २० व्हॉल्यूमच्या पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे काही थेंब टाकून अर्धा तास बुडवावी. ती तापली, फेसाळली किंवा हिरवट झाली तर रंगाचा नाद सोडावा आणि तेवढे केस वाढून कापले जाईपर्यंत थांबावं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यावरून किती थांबायचं ते काढता येतं.

आणखी दोन बिघाड वारंवार दिसतात. पहिला, मुळं उजळ आणि टोकं गडद. टाळूच्या उष्णतेने मुळाजवळच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर रंग जोरात काम करतो, म्हणून उजळ रंग आधी मधल्या भागावर आणि शेवटी मुळांना लावायचा असतो. दुसरा, आधीच काळा रंग लावलेल्या केसांवर तपकिरी रंग चढवायचा प्रयत्न. रंग रंगाला उचलत नाही. आधी तो काढावा लागतो, आणि त्यात केसांची झीज होते. हायलाइट घेतले तर उन्हात आणि पोहण्याच्या तलावात ते नारिंगी किंवा हिरवट होतात. पाण्यात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस भिजवून थोडं खोबरेल लावावं, म्हणजे खारं किंवा क्लोरिनचं पाणी कमी शोषलं जातं. नारिंगी झाक निळ्या शाम्पूने आणि पिवळी जांभळ्याने जाते. उलट वापरलं तर फरक पडत नाही.

रंग जमला की कारागिराकडून सूत्र लिहून घ्यावं: कंपनी, छटेचे क्रमांक, प्रमाण, व्हॉल्यूम, मिनिटं. तो दुकान सोडून गेला तरी त्या चिठ्ठीवर दुसरा हात तेच काम पुढे नेऊ शकतो. चिठ्ठी द्यायला नकार देणाऱ्या सलूनमध्ये आम्ही रंग करून घ्यायला सांगणार नाही.

स्मूदनिंग आणि केराटिन यांत फरक करून घ्यावा. रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारख्या क्रीमने केसांतले गंधकाचे बंध तोडतात, इस्त्री फिरवतात आणि पेरॉक्साइडने ते नव्या आकारात पक्के करतात. तो भाग पुन्हा कुरळा होत नाही. सहा महिन्यांनी मुळाशी सात-साडेसात सेंटिमीटर जुनी लहर उगवलेली असते, आणि तेव्हा फक्त तेवढ्याच भागावर क्रीम लागलं पाहिजे. आधी सरळ झालेल्या भागावर ते पुन्हा चढलं तर केस तिथेच तुटतात. केराटिन नावाने जे विकतात त्यात बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी द्रव्यं असतात. इस्त्री फिरताना डोळ्यांतून पाणी येत असेल तर त्याचं कारण हेच. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक मानलेलं आहे. ग्लायऑक्झिलिक ॲसिडच्या सरळीकरणानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचं प्रकरण २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं. बाटलीवरची घटकांची यादी मागावी. यादीच नसेल तर उठून यावं. आणि ज्या केराटिननंतर ७२ तास केस कोरडे ठेवायला सांगतात, ते गोव्यात जून ते सप्टेंबर करू नये. स्कूटरवाल्याला तीन दिवस पाऊस चुकवता येत नाही.

पैशांचं थोडक्यात. ‘पासून पुढे’ असं लिहिलेल्या दरपत्रकात लांबीप्रमाणे वाढ असते. केस धुण्याआधी पूर्ण रक्कम विचारून घ्यावी, धुणं आणि ब्लो ड्राय धरून. सलूनच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ ऐवजी ५ टक्के झाला आहे, तेव्हा बिल नीट वाचावं. नोंदणी नसलेलं छोटं दुकान जीएसटी लावू शकत नाही.

चवथीच्या आधीचा आठवडा आणि नाताळच्या आधीचे दहा दिवस नव्या कटसाठी टाळावेत. कारागीर तेव्हा एकामागून एक डोकी उरकत असतात आणि तपासणीला वेळ देत नाहीत. सणाला नीट दिसायचं असेल तर कट तीन आठवडे आधी घ्यावा. तोवर तो बसतो, काही चुकलं असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो, आणि बहुतेक चांगली दुकानं आठवडाभरात परत गेलं तर दुरुस्तीचे पैसे घेत नाहीत. कट घेतानाच तसं विचारून ठेवावं.